लॅटिनमध्ये 'कुठे कामाला आहे' लिहिताना तीच चूक पुन्हा पुन्हा होते : कारणे आणि दुरुस्ती

लॅटिन शिकायला लागून काही आठवडे झालेले असतात. 'आग्रिकोला' म्हणजे शेतकरी, 'आगेर' म्हणजे शेत, 'लाबोरात' म्हणजे तो काम करतो, हे पाठ असते. विभक्तींचे तक्तेही घडाघडा म्हणता येतात. तरीही 'शेतकरी शेतात काम करतो' हे साधे वाक्य लिहायला सांगितले की एकदा 'इन आग्रो लाबोरात' येते, पुढच्या पानावर 'इन आग्रुम लाबोरात' आणि चाचणीत नुसतेच 'आग्रो लाबोरात'. यातले पहिले बरोबर, बाकीची दोन चूक. चूक दाखवली की लगेच पटते, काही दिवस सगळे नीट चालते आणि मग ती परत येते. नवशिक्यांच्या वह्या तपासताना मला हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. मराठी बोलणाऱ्यांच्या वह्यांत तर ती एका ठरावीक वाटेने येते, म्हणून तिच्यावरचा उपायही मराठीच्या अंगानेच शोधावा लागतो.

आधी लिखाणाविषयी. इथले लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. त्या उच्चारात 'सी' या अक्षराचा उच्चार नेहमी क होतो आणि 'व्ही'चा व. त आणि द आपल्यासारखेच दंत्य, त्यामुळे आपली सोय होते. शब्दाच्या शेवटचा 'आ' दीर्घ असून त्यामुळे अर्थ बदलत असेल, तर पुढे ऽ लावला आहे. ऱ्हस्व 'ताबेर्ना' आणि दीर्घ 'ताबेर्नाऽ' हे दोन वेगळे शब्द समजून वाचा. विभक्तींना प्रथमा, द्वितीया, षष्ठी ही आपलीच नावे वापरतो. फक्त ॲब्लेटिव्हला तेच नाव ठेवतो, कारण संस्कृतच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचे काम लॅटिनमध्ये हे एकच रूप करते. दोन्हींच्या मूळ भाषेत तिन्ही वेगळ्या होत्या, लॅटिनमध्ये त्या एकात मिसळल्या.

चुकीचे मूळ

तक्ते पुन्हा घोकून ही चूक जात नाही. तक्ता चुकलेलाच नसतो, मग तो घोकून काय होणार? 'आग्रो' ॲब्लेटिव्ह आणि 'आग्रुम' द्वितीया, हे विचारले तर विद्यार्थी बरोबर सांगतो. दोघांपैकी कोणते निवडायचे, हा निर्णय तो मराठीवर सोडतो आणि मराठी त्या ठिकाणी मदत करत नाही.

'शेतकरी शेतात काम करतो.' 'शेतकरी शेतात जातो.' दोन्हीकडे 'शेतात'. 'ती घरी आहे', 'ती घरी गेली'. 'तो पुण्याला असतो', 'तो पुण्याला चालला'. प्रश्नही एकच : कुठे असतोस, कुठे चाललास. म्हणजे एखाद्या जागी असणे आणि त्या जागेत जाणे हा फरक मराठी नामाच्या प्रत्ययात दाखवतच नाही, तो सगळा क्रियापदावर सोडते. लॅटिनमध्ये तो नामाच्या शेवटी दाखवावाच लागतो. 'शेतात' हे रूप मनात धरून 'इन' शब्द आठवला की पुढे दोन दारे उघडी असतात आणि आपण कोणत्याही दारातून आत जातो.

शाळेत संस्कृत घेतले असेल तर मात्र हा फरक तुम्हाला आधीच येतो. 'रामः वनं गच्छति', पण 'रामः वने वसति'. जाण्याला द्वितीया, राहण्याला सप्तमी. लॅटिन नेमके हेच करते : 'इन सिल्वाम इत', तो रानात जातो, 'इन सिल्वाऽ हाबितात', तो रानात राहतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की मराठी वाक्य थेट लॅटिनमध्ये नेऊ नका. मध्ये क्षणभर संस्कृतमध्ये थांबा. मनात 'क्षेत्रे' आले तर ॲब्लेटिव्ह, 'क्षेत्रं' आले तर द्वितीया. आठवी ते दहावीचे संस्कृत एवढ्याला पुरेसे आहे.

उबी की क्वो

संस्कृत न शिकलेल्यांसाठी दुसरा मार्ग आहे, आणि खरे तर तो सगळ्यांनीच वापरावा. मराठीतल्या एका 'कुठे'साठी लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत. 'उबी' म्हणजे कोणत्या जागी, 'क्वो' म्हणजे कोणत्या जागेकडे. (तिसरा 'उन्दे', कुठून.) वाक्य लिहिण्याआधी क्रियापदाला विचारा की ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते. 'उबी लाबोरात?', म्हणजे कुठे काम करतो, हा प्रश्न लागतो. 'क्वो लाबोरात?' या प्रश्नाला अर्थच नाही. मग 'लाबोरात' असताना 'इन'नंतर द्वितीया येणे शक्य नाही. काम करणे, शिकवणे, विकणे, बसणे, राहणे, स्वयंपाक करणे, अशी नोकरीधंद्याची जवळजवळ सगळी क्रियापदे उबीची आहेत.

इथपर्यंत आलेले विद्यार्थी पुढची चूक करतात ती 'गती असली की द्वितीया' असा नियम करून. 'दास बागेत फिरतो' याचे 'इन होर्तुम आम्बुलात' होते, कारण फिरण्यात गती आहे. गतीचा इथे संबंध नाही, सीमेचा आहे. दास आधीपासून बागेतच आहे आणि बागेच्या आतच फिरतो आहे, त्याने बागेची सीमा ओलांडली नाही. म्हणून 'इन होर्तो आम्बुलात'. खलाशी जहाजावर इकडून तिकडे धावत असेल तर 'इन नावे कुर्रित'. धक्क्यावरून जहाजात धावत शिरला तर 'इन नावेम कुर्रित'. या दोन वाक्यांचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा, फरक पक्का बसतो.

उलट दिशेचा एक अपवादही आहे. 'पोनित', म्हणजे ठेवतो, या क्रियापदाला आपल्याला क्वो लागेल असे वाटते, पण रोमन लोक ठेवलेली वस्तू जिथे स्थिरावते ती जागा पाहत. त्यामुळे टेबलावर ठेवतो याला 'इन मेन्साऽ पोनित', ॲब्लेटिव्हच. हा अपवाद वेगळा लक्षात ठेवला तर बाकी नियम स्वच्छ राहतो.

मी विद्यार्थ्यांना प्रत्येक जागेचे नाम तक्त्यातून नव्हे, तिहेरी पाठ करायला लावतो : 'इन आग्रो, इन आग्रुम, एक्स आग्रो', 'इन उर्बे, इन उर्बेम, एक्स उर्बे', 'इन पोर्तू, इन पोर्तुम, एक्स पोर्तू'. शेतात असणे, शेतात जाणे, शेतातून येणे. पूर्ण तक्ता नंतर केव्हाही भरता येतो. सुरुवातीच्या पुस्तकांत उलट क्रम असतो, आधी सगळी रूपे आणि मग वापर, आणि मला वाटते मराठी विद्यार्थ्याचे त्यातच नुकसान होते.

'इन' गाळल्यामुळे होणारा घोटाळा

संस्कृतचा आधार घेणाऱ्यांना एक धोका आहे. 'क्षेत्रे' या एका शब्दात सगळे येते, वेगळे अव्यय लागत नाही. त्याच सवयीने 'आग्रो लाबोरात' लिहिले जाते. लॅटिनमध्ये साध्या जागेच्या नामापूर्वी 'इन' हवेच. ते नसले तर वाक्य अर्धवट राहते, आणि 'लाबोरात'च्या बाबतीत त्याचा अर्थच पालटू शकतो.

'लाबोरारे' या क्रियापदाचा एक अर्थ काम करणे, कष्ट करणे. दुसरा अर्थ पीडा होणे, ग्रस्त असणे. पहिल्या अर्थात जागा 'इन'सह येते. दुसऱ्या अर्थात कशाने ग्रस्त ते नुसत्या ॲब्लेटिव्हमध्ये किंवा 'एक्स'सह येते. 'मेदिकुस फेब्री लाबोरात' म्हणजे वैद्य तापाने आजारी आहे. वैद्य कुठे नोकरी करतो याचा तिथे पत्ताच नाही. रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांत 'एक्स पेदिबुस लाबोरारे' असा प्रयोग येतो, म्हणजे पायांच्या दुखण्याने हैराण असणे. 'लाबोरात'शेजारी एकटे ॲब्लेटिव्ह दिसले की वाचणारा आधी रोगाचा विचार करील. म्हणून वाक्य तपासताना दुसरी पायरी हीच ठेवा : 'इन' आहे का?

दिसायला सारखे : ताबेर्ना आणि कास्त्रा

आता जी चूक सांगतो ती नियम न समजल्याची नाही, डोळ्याला फसवणारी आहे. 'ताबेर्ना' म्हणजे दुकान. प्रथमा 'ताबेर्ना', ॲब्लेटिव्ह 'ताबेर्नाऽ'. रोमन लिपीत छापताना दीर्घत्वाची आडवी रेघ बहुतेक वेळा गाळतात, मग दोन्ही शब्द डोळ्याला एकच दिसतात. विद्यार्थ्याची समजूत होते की 'इन'नंतर शब्द मुळीच बदलत नाही. ही समजूत घेऊन तो 'आगेर'कडे वळला की 'इन आगेर लाबोरात' असे काहीतरी लिहितो. उपाय सोपा आहे आणि तो टाळू नका : निदान पहिले वर्षभर दीर्घ स्वरांवर रेघ द्या, आणि वाक्ये मोठ्याने म्हणा. 'कोक्वुस इन कुलीनाऽ लाबोरात', आचारी स्वयंपाकघरात काम करतो, हे वाक्य शेवटचा आ लांबवून म्हटले की कान चूक पकडायला शिकतो. ऱ्हस्वदीर्घाची सवय असलेल्या आपल्या कानाला हे इंग्रजी माध्यमातून लॅटिन शिकणाऱ्यापेक्षा सोपे जाते.

त्याहून बेरकी शब्द 'कास्त्रा', सैन्याची छावणी. तो नपुंसकलिंगी आणि कायम अनेकवचनी आहे. छावणी एकच असली तरी रूपे अनेकवचनाची. त्याचा शेवटचा आ ऱ्हस्व आहे, आणि 'कास्त्रा' हे रूप प्रथमेचेही आहे व द्वितीयेचेही. 'मीलितेस इन कास्त्रा' असे दिसले की 'ताबेर्ना'ची सवय झालेला विद्यार्थी त्याला ॲब्लेटिव्ह समजतो, 'सैनिक छावणीत आहेत'. प्रत्यक्षात ती द्वितीया, म्हणजे सैनिक छावणीत शिरत आहेत. छावणीत काम करतात हे सांगायला 'इन कास्त्रीस लाबोरान्त'.

लॅटिन नामांचे रूपांप्रमाणे गण पडतात. 'उर्ब्स' (शहर), 'नाविस' (जहाज) यांच्या तिसऱ्या गणात एवढा त्रास नाही. 'उर्बे' आणि 'उर्बेम' यांत 'म' स्पष्ट दिसतो. 'नाविस' या शब्दाचे ॲब्लेटिव्ह 'नावे'ही होते आणि 'नावी'ही, दोन्ही चालतात. अनेकवचनात 'उर्बिबुस' आणि 'उर्बेस' हा फरक लक्षात ठेवला की झाले.

शेवटचा 'म' रोमन लोकही फार ठसठशीत उच्चारत नसत. तो नाकात विरत असे, साधारण आपल्या अनुस्वारासारखा. त्यामुळे बोलीत द्वितीया आणि ॲब्लेटिव्ह हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकल्या. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती सापडल्या आहेत. कुठे परीट, कुठे पाववाले, कुठे फळविक्रेते आपल्या उमेदवाराला मत द्या म्हणतात. त्यांतल्या एकीत सातुर्निनुस नावाचा मनुष्य 'कुम दिस्केन्तेस', विद्यार्थ्यांसह, विनंती करतो. 'कुम'नंतर ॲब्लेटिव्ह हवे, म्हणजे 'कुम दिस्केन्तिबुस'. भिंतीवर द्वितीया लिहिली गेली आहे. मराठीच्या 'शेतात'सारखे एकच रूप सगळीकडे वापरायची ओढ त्या बोलीतही होती, आणि पुढे इटालियन व फ्रेंचमध्ये नामांच्या विभक्ती गेल्याच. आपण शिकतो ती मात्र सिसेरोच्या काळची लिखित लॅटिन, तिथे हा फरक पाळायचाच.

कुणाकडे कामाला : आपुद, आद, इन्तेर, आब

'जागा सांगायची म्हणजे ॲब्लेटिव्ह' हा नियम फक्त 'इन' आणि 'सुब' (खाली) यांच्यापुरता आहे. सगळ्या अव्ययांना तो लावला की 'आपुद फाब्रो लाबोरात' असे वाक्य तयार होते आणि ते चूक आहे.

'आपुद' म्हणजे बरोबर आपला '-कडे'. 'तो लोहाराकडे कामाला आहे' यातला '-कडे'. माणसाचे नाव किंवा धंदा येतो तिथे 'इन' चालत नाही, 'आपुद' हवे, आणि त्यानंतर कायम द्वितीया : 'आपुद फाब्रुम लाबोरात', 'आपुद मार्कुम लाबोरात'. इथे उबी-क्वोचा प्रश्नच विचारू नका. 'आपुद', 'आद', 'इन्तेर', 'प्रोपे' (जवळ), 'कोन्त्रा' (विरुद्ध) ही सगळी द्वितीयाच घेतात, असणे असो वा जाणे. निवड करायला लावणारी नेहमीची अव्यये तेवढी 'इन' आणि 'सुब'.

मराठी प्रत्ययांशी जोडी लावून ठेवली तर निवड सोपी होते. '-त' आले तर 'इन', '-कडे' आले तर 'आपुद', '-पाशी' किंवा '-जवळ' आले तर 'आद'. वेशीपाशी बसतो, 'आद पोर्ताम सेदेत'. रोममधले सावकार फोरममधल्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, ज्या जागी बसत तिला सिसेरो 'आद यानुम मेदिउम' म्हणतो, मधल्या यानुसपाशी (यानुस हा रोमन देव). आपण 'मारुतीपाशी भेट' म्हणतो त्याच चालीचे.

'इन्तेर', म्हणजे मध्ये, याचा एक फार छान वापर आहे. इ.स.पू. ६३ मध्ये, बंडाचा कट रचणाऱ्या कातिलिनाविरुद्धच्या पहिल्या भाषणात सिसेरो त्याला सुनावतो की तू रात्री 'इन्तेर फाल्कारिओस' गेलास, आणि पुढे 'इन ... लायकाय दोमुम', लायका नावाच्या माणसाच्या घरात गेलास. 'फाल्कारिउस' म्हणजे विळे करणारा. 'विळेवाल्यांमध्ये' म्हणजे त्यांच्या वस्तीत, त्या गल्लीत. इतिहासकार लिव्हीनेही एका वेशीबाहेरची जागा सांगताना 'इन्तेर लिग्नारिओस' म्हटले आहे, लाकूडवाल्यांमध्ये. पुण्यात तांबट आळी किंवा बुरूड आळी म्हटले की जागा कळते, तसा हा पत्ता आहे. सिसेरोच्या त्याच वाक्यातला 'दोमुम' पाहा : जाण्याचे क्रियापद, म्हणून 'इन'नंतर द्वितीया. नियमाचे इतके चांगले उदाहरण सरावाच्या पुस्तकांतही क्वचित मिळते.

एक उबीचेही देतो. प्लाउतुस (मृत्यू इ.स.पू. १८४) याच्या 'कुर्कुलिओ' नाटकात एक पात्र प्रेक्षकांना सांगते की फोरमच्या परिसरात कोणता माणूस कुठे सापडेल. तिथे 'इन वेलाब्रो', वेलाब्रुम भागात, पाववाला, खाटीक आणि शकुन पाहणारा मिळेल असे येते. व्याजाने पैसे देणारे 'सुब वेतेरिबुस', जुन्या दुकानांखाली. 'इन' आणि 'सुब', दोन्हींना ॲब्लेटिव्ह, कारण माणसे तिथे बसलेली आहेत.

रोममधल्या समाधीलेखांत धंद्याची जागा सांगण्याची आणखी एक पद्धत दिसते, ती 'दे' या अव्ययाने. 'मार्गारितारिउस दे साक्राऽ विआऽ', साक्रा विया रस्त्यावरचा मोत्यांचा व्यापारी. 'आउरिफेक्स दे साक्राऽ विआऽ', तिथलाच सोनार. 'दे' म्हणजे एरवी 'पासून, वरून', पण इथे दुकानाचा पत्ता आहे. नामाला जोडून माणसाची ओळख सांगायची असेल तेव्हा ही रचना वापरा, क्रियापद असेल तर 'इन'.

आणि खाते सांगायचे असेल तर? 'मी अकाउंट्सला आहे' असे आपण म्हणतो तेव्हा जागेपेक्षा कामाचा विभाग महत्त्वाचा असतो. रोमन सम्राटांच्या दरबारात यासाठी 'आब' आणि ॲब्लेटिव्ह ठरलेले होते. स्वर किंवा 'ह' पुढे नसला तर बहुधा नुसते 'आ'. 'आ रातिओनिबुस', म्हणजे हिशेबखात्याचा : क्लाउदियुस सम्राटाचा अधिकारी पाल्लास. 'आब एपिस्तुलीस', पत्रव्यवहाराचा : त्याच सम्राटाचा नार्किस्सुस. बारा सीझरांची चरित्रे लिहिणारा सुएतोनियुस सम्राट हाद्रियानच्या काळात (इ.स. ११७ ते १३८) 'आब एपिस्तुलीस' होता, आणि अल्जेरियातल्या आन्नाबा म्हणजे जुन्या हिप्पो रेगियुस इथे सापडलेल्या शिलालेखात त्याचे ग्रंथालयांचे पदही 'आ बिब्लिओथेकीस' असे दिले आहे. आजच्या कचेरीतली नोकरी लॅटिनमध्ये सांगताना मला ही रचना सगळ्यात जिवंत वाटते. नवशिक्यांना ती कुणी दाखवतच नाही, याचे वाईट वाटते.

कचेरीवरून आठवले : 'ओफ्फिकीना' या शब्दाला ऑफिस समजू नका. तो कारखाना, कारागिराचे काम करायचे ठिकाण. पिठाची चक्की आणि पावाची भट्टी असलेली जागा 'पिस्त्रीनुम', चांभाराचे दुकान 'सूत्रीना', न्हाव्याचे 'तोन्स्त्रीना', परटाचे 'फुल्लोनिका', खानावळ 'पोपीना'. 'पिस्तोर इन पिस्त्रीनो लाबोरात', 'सूतोर इन सूत्रीनाऽ लाबोरात'. धंदा आणि जागा जोडीने पाठ केल्या की वाक्ये आपोआप सुटतात.

गावांची नावे आणि घर

इतके सगळे बरोबर झाले की विद्यार्थी 'इन रोमाऽ लाबोरात' लिहितो. नियम पाळलेला आहे, तरी वाक्य चूक. गावे, शहरे आणि लहान बेटे यांना 'इन' लागत नाही. त्यांना जुनी सप्तमी शिल्लक आहे, तिला व्याकरणात लोकेटिव्ह म्हणतात. रोममध्ये 'रोमाय', कोरिंथमध्ये 'कोरिन्थी', ऱ्होड्समध्ये 'रोदी'. पहिल्या आणि दुसऱ्या गणातल्या एकवचनी नावांना हे रूप दिसायला षष्ठीसारखे असते. अनेकवचनी नावांना ॲब्लेटिव्हसारखे : अथेन्समध्ये 'आथेनीस', पॉम्पेईत 'पोम्पेईस'. तिसऱ्या गणात कार्थेजमध्ये 'कार्थागिनी' किंवा 'कार्थागिने'. देश आणि मोठे प्रदेश मात्र 'इन' घेतात : 'इन इतालिआऽ', 'इन ब्रितान्निआऽ', 'इन इन्दिआऽ'.

ही रूपे छापील पुस्तकांवरही शतकानुशतके टिकली. युरोपातल्या जुन्या लॅटिन ग्रंथांच्या मुखपृष्ठावर तळाशी 'रोमाय', 'लोन्दिनी', 'पारिसिईस' असे दिसते, म्हणजे ग्रंथ रोममध्ये, लंडनमध्ये, पॅरिसमध्ये छापला.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपल्याकडे '-त' आणि '-ला' सर्रास असताना जुना '-ई' प्रत्यय काही मोजक्या शब्दांत टिकून आहे : घरी, गावी, दारी, पंढरपुरी. लॅटिनमध्येही तसेच. गावांच्या नावांशिवाय 'दोमी' म्हणजे घरी, 'रूरी' म्हणजे गावाकडे, 'मीलितिआय' म्हणजे मोहिमेवर, असे थोडे शब्द उरले आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'वर्धमानं स्वे दमे' येते, त्यातला 'दमे' आणि हा 'दोमी' एकाच मुळाचे.

फरक इतकाच की आपले 'घरी' असण्याला आणि जाण्याला दोन्हीला चालते. लॅटिनमध्ये 'दोमी लाबोरात', घरी काम करतो. 'दोमुम इत', घरी जातो. 'दोमो वेनित', घरून येतो. अलीकडे एक नवी चूक दिसू लागली आहे. 'घरून काम करतो' असे आपण आता म्हणतो, म्हणून विद्यार्थी 'दोमो लाबोरात' लिहितो. 'दोमो' म्हणजे घरापासून निघणे. काम घरीच चालले आहे, म्हणून 'दोमी'. शहरांचेही असेच तिहेरी आहे : 'रोमाय लाबोरात', 'रोमाम इत', 'रोमाऽ वेनित', तिन्हींत अव्यय नाही. 'आथेनीस' मात्र 'अथेन्समध्ये'ही आणि 'अथेन्सहून'ही, तिथे क्रियापदाकडेच पाहावे लागते.

एक उतारा दुरुस्त करू

वह्यांत नेहमी दिसणाऱ्या चुका एकत्र करून हा उतारा बनवला आहे :

'आग्रिकोला इन आग्रुम लाबोरात. मेर्कातोर ताबेर्नाऽ सेदेत. मीलितेस इन कास्त्रा लाबोरान्त. सेर्वुस आपुद फाब्रो लाबोरात. मागिस्तेर इन रोमाऽ दोकेत.'

पहिल्या वाक्यात क्रियापदाला 'उबी' विचारा, 'इन आग्रो' मिळेल. दुसऱ्यात रूप बरोबर आहे, 'इन' गळले आहे : 'इन ताबेर्नाऽ सेदेत'. तिसऱ्यात 'कास्त्रा'ने फसवले, 'इन कास्त्रीस' हवे. चौथ्यात '-कडे' आहे, म्हणून 'आपुद', आणि त्यानंतर द्वितीया, 'आपुद फाब्रुम'. पाचव्यात शहर आहे : 'रोमाय दोकेत'. तपासण्याचा क्रम मी नेहमी असा ठेवतो. आधी शहर किंवा घर आहे का पाहतो, मग माणूस आहे का, आणि शेवटी 'इन' व उबी-क्वो. शहराची शंका आधी फिटली की 'इन रोमाऽ'सारखे वाक्य लिहिलेच जात नाही.

आपली गावे कशी लिहायची

शेवटी हा प्रश्न हमखास येतो : मुंबईत, पुण्यात, नाशिकला काम करतो, हे कसे सांगायचे? या नावांना लॅटिन विभक्ती लावायला शेवट जुळत नाही. जबरदस्तीने लोकेटिव्ह बनवू नका. त्यापेक्षा 'उर्ब्स' म्हणजे शहर, किंवा 'ओप्पिदुम' म्हणजे गाव, हा शब्द आधी घ्या. सामान्यनाम आले की गावाच्या नावाची सवलत संपते आणि 'इन' परत येते. रोमसाठीही 'इन उर्बे रोमाऽ' असेच म्हणत. म्हणून 'इन उर्बे मुंबई लाबोरो', मी मुंबईत काम करतो. 'इन उर्बे नाशिक दोकेओ', मी नाशिकला शिकवतो. 'इन ओप्पिदो सासवड हाबितो', मी सासवडला राहतो. जायचे असेल तर 'इन उर्बेम मुंबई एओ' किंवा नुसते जवळपर्यंत जायचे असेल तर 'आद उर्बेम'. विभक्ती 'उर्ब्स'वर येते, गावाचे नाव जसेच्या तसे राहते. अपवाद 'गोआ'सारख्या नावाचा. ते पहिल्या गणात सहज बसते, म्हणून जुन्या गोवे शहरात काम करणाऱ्यासाठी 'गोआय लाबोरात', आणि आजच्या राज्याबद्दल बोलायचे असेल तर तो प्रदेश, म्हणून 'इन गोआऽ लाबोरात'.